पॉल रिव्हिअर : बोस्टनचा सोनार

वार्षिक क्रीडास्पर्धांच्या दिवशी मैदानाच्या कडेस पांढरी चादर अंथरलेले एक मेज मांडलेले असते, आणि त्यावर चकाकणारे प्याले ओळीने ठेवलेले असतात. धावणाऱ्या मुलांचे निम्मे लक्ष शेवटच्या रेषेकडे व निम्मे त्या मेजाकडे असते, हे आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आलो आहो. जो जिंकतो त्यास प्याला मिळतो. पण त्यातून तो पाणी पीत नाही की दूध पीत नाही. प्याला कपाटात जातो आणि तेथेच राहतो. मग बक्षीस म्हणून पिण्याचे भांडेच का द्यावे? ताट का देऊ नये, घागर का देऊ नये? हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो म्हणजे आपण सुमारे अडीचशे वर्षे मागे आणि सात समुद्रांपलीकडे एका सोनाराच्या दुकानात जाऊन पोहोचतो. त्या सोनाराचे नाव पॉल रिव्हिअर. त्याचे चरित्र आज आम्ही आमच्या बालवाचकांपुढे व त्यांच्या मातापित्यांपुढे ठेवीत आहो.

भांडी घडविणारे हात आपल्या भागास अपरिचित नाहीत. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले आहे, आणि १९९९ साली गोंदिया जिल्हा निराळा होईपर्यंत आपले सौंदडही भंडारा जिल्ह्यातच मोडत होते. आपल्या घरातील जुना तांब्या किंवा हंडा आजीने कोठून आणला हे कदाचित घरात कोणी सांगेल. पण तो कोणी ठोकला, त्या कारागिराचे नाव काय, हे कोणी सांगू शकेल काय? भांडे राहते, घडविणाराचे नाव जाते. बहुतेक सर्व देशांत असेच झाले आहे. रिव्हिअर हा या नियमास जे थोडे अपवाद झाले त्यांपैकी एक होय.

त्याचा पिता मूळचा फ्रान्स देशाचा. तेथे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा धर्मासाठी छळ होत असे. म्हणून अपोलोस रिव्होआर नावाचा हा मुलगा तेरा वर्षांच्या कोवळ्या वयात, १७१५ सालच्या सुमारास, अमेरिकेतील बोस्टन बंदरी येऊन उतरला. आईबाप जवळ नाहीत, भाषा परकी, हाताशी कसब नाही, अशी त्याची अवस्था होती. तेथील जॉन कोनी नावाच्या नामांकित सोनाराकडे तो उमेदवारीस राहिला. या कोनीने घडविलेला, दोन कानांचा व झाकणाचा एक भव्य रौप्य प्याला हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रही आजही आहे, इ. स. १७०१ च्या सुमारास विल्यम स्टौटन नावाच्या गृहस्थाने तो त्या विद्यालयास अर्पण केला होता. अशा गुरूच्या हाताखाली त्या निर्वासित मुलाने विद्या संपादन केली, पुढे स्वतःचे दुकान थाटले, आणि बोस्टनच्या लोकांस उच्चारण्यास सोपे जावे म्हणून आपले नाव पॉल रिव्हिअर असे करून घेतले. डेबोरा हिचबॉर्न नावाच्या तेथील तरुणीशी त्याचा विवाह झाला. त्यांच्या मुलास बापाचेच नाव मिळाले. नव्या कालगणनेप्रमाणे १७३५ सालच्या आरंभी जन्मलेला हाच मुलगा आमचा चरित्रनायक होय.

येथे क्षणभर थांबून, त्या काळच्या बोस्टनमध्ये चांदीच्या भांड्यांस एवढे महत्त्व का होते, हे समजून घेतले पाहिजे. त्या वसाहतीत पेढ्या नव्हत्या. व्यापारात स्पेन देशाची व इतर नाना देशांची नाणी येत. ती थैलीत ठेवली तर चोर नेई, आणि गेलेले नाणे ओळखावयाचे कसे? म्हणून ज्याच्याजवळ चार पैसे साठत तो ती नाणी सोनाराकडे नेई आणि वितळवून त्यांचा पेला किंवा वाडगा करून घेई. त्यावर मालकाची अक्षरे कोरलेली असत व सोनाराचा ठसा असे. त्यामुळे चोरीस गेलेले भांडे ओळखू येई. आपल्याकडील कुटुंबे पैसा साठला म्हणजे बायकांच्या अंगावर दागिने घालीत. बोस्टनची कुटुंबे तो मेजावर मांडीत. संकट आले की भांडे मोडावे, सुदिन आले की पुन्हा घडवावे.

या भांड्यांत पिण्याची भांडीच फार. टँकर्ड म्हणजे झाकणाचा व कानाचा उंच पेला. त्यातून सफरचंदाचा आंबलेला रस किंवा यवाची दारू पीत. बीकर म्हणजे कान नसलेला साधा उभा पेला. दोन कानांचा प्याला मेजवानीत एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती फिरत असे. दोन कान असल्यामुळे एकाने देता देताच दुसऱ्यास तो धरता येई. विवाह, बारसे, मित्रमंडळाची बैठक, नव्या अधिकाऱ्याची नेमणूक, अशा प्रत्येक प्रसंगी तो फिरे. ज्याने त्यातून घोट घेतला तो त्या मंडळीत सामील झाला, तिच्या सुखदुःखाचा वाटेकरी झाला, असा त्याचा अर्थ होता. आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. प्याला हे एकट्याचे भांडे नव्हे. तो चारचौघांत फिरतो, म्हणून मानाचा.

आणखी एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. त्या लोकांच्या ख्रिस्तमंदिरांत प्रभुभोजनाच्या विधीसाठी निराळ्या आकाराची पात्रे असावीत असा आग्रह नव्हता. घरात वापरलेला बीकर किंवा टँकर्ड कोणी वृद्ध गृहस्थ किंवा विधवा बाई मृत्युपत्राने मंडळीस देऊन जाई, आणि देणाराचे नाव कोरलेले तेच भांडे पुढे पिढ्यानपिढ्या मंदिराच्या मेजावर येई. कालपर्यंत जे घरच्या जेवणाचे होते ते आज पवित्र विधीचे झाले. त्याचा आकार बदलला नाही, उपयोग बदलला. रिव्हिअर पितापुत्रांनी अशी पात्रेही घडविली.

मुलाचे शिक्षण नॉर्थ रायटिंग स्कूल नावाच्या शाळेत लिहिणे, वाचणे व हिशेब एवढेच झाले. तेथून तो बापाच्या भट्टीपाशी आला. सुमारे पंधरा वर्षांचा असताना त्याने काही मित्रांसह जवळच्या ख्रिस्तमंदिराच्या घंटा ठरावीक वेळी वाजविण्याचे काम पत्करले, आणि त्या मुलांनी आपसात एक लेखी करार करून सर्वांनी त्यावर सह्या केल्या. पुढे १७५४ साली बाप वारला. पॉल तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आई व धाकटी भावंडे यांचा भार त्याच्यावर पडला. १७५६ मध्ये त्याने फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमेत तोफखान्यात चाकरी केली, आणि परत येऊन पुन्हा हातोडी उचलली. १७५७ साली साराह ऑर्न हिच्याशी त्याचा विवाह झाला. ती १७७३ मध्ये वारली, तेव्हा त्याच वर्षी रेचल वॉकर ही त्याच्या घरी आली. दोघींची मिळून त्यास सोळा अपत्ये झाली. त्यांतील कित्येक बालपणीच दगावली.

एवढ्या मोठ्या कुटुंबाचे पोट भरणे सोपे नव्हते. त्याच्या दुकानाच्या हिशेबवह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत चमचे आहेत, जोड्यांचे बक्कल आहेत, चहाच्या किटल्या आहेत, आणि जुन्या भांड्यांच्या डागडुजीची किरकोळ कामेही आहेत. धंदा मंद झाला की तो तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरून छापी; काही काळ त्याने लोकांना तारेने बांधून कृत्रिम दातही बसविले. पुढे बंकर हिलच्या लढाईत पडलेला त्याचा मित्र डॉक्टर जोसेफ वॉरन याचे शव १७७६ मध्ये त्याने आपणच बसविलेल्या दातांवरून ओळखले. हलके काम म्हणून त्याने काही नाकारल्याचे दिसत नाही.

चांदीचा वाडगा तो कसा घडवी? प्रथम चांदी मुशीत वितळवून तिची लगड ओतावयाची, ती ठोकून जाड पत्रा करावयाचा, व त्याचा वाटोळा तुकडा कापावयाचा. मग तो ऐरणीवर धरून मध्यापासून कडेकडे, फेऱ्यामागून फेरा, हातोडीने उचलीत न्यावयाचा. ठोकता ठोकता चांदी ताठर होते व चिरू पाहते. म्हणून पुनःपुन्हा ती विस्तवात लाल करून मऊ करावी लागते. आकार आला की गुळगुळीत हातोडीने तो मठारावयाचा. कान निराळे ओतून झाळावयाचे, मग नक्षी व अक्षरे कोरावयाची, आणि शेवटी आपला ठसा. भंडाऱ्याचे कारागीर हे वर्णन ऐकतील तर धातू तेवढी निराळी, बाकी विद्या ओळखीचीच आहे, असे म्हणतील.

आता त्याच्या हातच्या सर्वांत प्रसिद्ध पात्राकडे वळू. इंग्लंडच्या पार्लमेंटाने १७६७ साली वसाहतीत येणाऱ्या काच, कागद, रंग, चहा इत्यादी मालावर जकात बसविली. त्या पार्लमेंटात वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. मॅसॅच्युसेट्सच्या लोकसभेने या अन्यायाविरुद्ध इतर वसाहतींस एक पत्र पाठविले. ते मागे घ्या, अशी राजाकडून आज्ञा आली. ३० जून १७६८ रोजी मते घेतली, तेव्हा सतरा सभासद आज्ञा पाळण्यास तयार झाले आणि ब्याण्णव सभासदांनी साफ नकार दिला. सभा बरखास्त करण्यात आली. त्याच वर्षी शहरात पलटणी आल्या.

त्या ब्याण्णव निर्भय माणसांचा गौरव करावा म्हणून स्वातंत्र्याच्या पंधरा पुरस्कर्त्यांनी वर्गणी करून रिव्हिअरकडून एक रौप्य वाडगा घडवून घेतला. त्याची घडण चिनी मातीच्या वाडग्यासारखी अगदी साधी, तोंड सुमारे अकरा इंच रुंद. त्याचे वजन पंचेचाळीस औंस आणि त्यात मावणारे पेयही पंचेचाळीस गिल, म्हणजे सुमारे पाच लिटर. ही संख्या मुद्दाम योजिली होती. जॉन विल्क्स नावाच्या इंग्लिश पत्रकर्त्याने आपल्या पत्राच्या पंचेचाळिसाव्या अंकात राजाच्या भाषणावर टीका केली म्हणून त्यास तुरुंगात टाकले होते. तेव्हापासून पंचेचाळीस हा आकडा स्वातंत्र्याची खूण होऊन बसला होता. वाडग्याच्या काठाभोवती पंधरा जणांची नावे कोरली आहेत. घडविणाराचे नाव त्या ओळीत नाही. त्याचा ठसा मात्र आहे.

या वाडग्यातून जे पेय वाटले जाई त्यास पंच म्हणत. मद्य, पाणी, लिंबू, साखर व मसाला अशा पाच पदार्थांचे ते मिश्रण. हा शब्द आपल्याच देशातील पाच या अर्थाच्या शब्दावरून, कंपनीच्या खलाशांच्या तोंडून, सतराव्या शतकात इंग्लंडास गेला, असे बहुतेक कोशकार मानतात. मद्यपानाची तरफदारी आम्ही येथे करीत आहो असे कोणी समजू नये. मद्याने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या डोळ्यांपुढे आहेत. त्या वाडग्याची थोरवी त्यातील पेयात नव्हती. राजसत्तेचा रोष पत्करून पंधरा माणसे आपली नावे धातूत कोरून ठेवतात आणि त्या एका पात्रातून पितात, यात ती होती. कागद जाळता येतो, नाकबूल करता येतो. कोरलेले नाव नाकबूल कसे करावे?

त्याच सुमारास जॉन सिंगल्टन कॉप्ली या चित्रकाराने रिव्हिअरचे चित्र काढले. त्या काळी चित्र काढवून घेणारे लोक उंची कोट व टोप घालून बसत. रिव्हिअर मात्र साध्या सदऱ्यात, हातात चांदीची किटली धरून, पुढे आपली हत्यारे ठेवून बसला आहे. हाताने काम करणे म्हणजे कमीपणा, असे मानणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने, आणि विशेषतः त्याच्या पालकाने, हे चित्र एकदा अवश्य पाहावे.

याचा अर्थ तो दुकानात राजकारण आणी असा नव्हे. १७७३ मध्ये त्याने आपल्या हयातीतील सर्वांत मोठे काम, पंचेचाळीस नगांचा रौप्य संच, डॉक्टर विल्यम पेन याच्या विवाहानिमित्त पुरा केला. आणि हा पेन राजपक्षाचा होता. परंतु त्याच वर्षी, १६ डिसेंबरच्या रात्री, बोस्टनच्या लोकांनी जहाजांवरील चहा समुद्रात फेकला. त्यांत रिव्हिअर होता, आणि ती वार्ता घोड्यावरून न्यूयॉर्क व फिलाडेल्फियास नेणाराही तोच.

१८ एप्रिल १७७५ च्या रात्रीची त्याची दौड तर जगप्रसिद्धच आहे. इंग्रज सैन्य कॉन्कॉर्ड गावचा दारूगोळा जप्त करण्यास निघणार, ही बातमी लागताच ख्रिस्तमंदिराच्या मनोऱ्यावर, जेथील घंटा त्याने बालपणी वाजविल्या होत्या असे सांगतात त्याच ठिकाणी, दोन कंदील दाखविण्यात आले. रिव्हिअर होडीतून नदी ओलांडून, उसन्या घोड्यावर बसून, घरोघर इशारा देत लेक्सिंग्टनला पोहोचला. तथापि येथे सत्य सांगितले पाहिजे. पुढे लाँगफेलो कवीने १८६० साली रचलेल्या काव्यामुळे सर्व श्रेय एकट्या रिव्हिअरला मिळाले. वास्तविक विल्यम डॉज हाही दुसऱ्या वाटेने निघाला होता; कॉन्कॉर्डपर्यंत पोहोचला तो सॅम्युएल प्रेस्कॉट नावाचा तरुण डॉक्टर; आणि आपला रिव्हिअर वाटेतच इंग्रजांच्या हाती सापडून, घोडा गमावून, पायी परतला. त्याचे शौर्य यामुळे कमी होत नाही. पण एकाच्या नावामागे किती जण असतात हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

त्याच्या आयुष्यात अपकीर्तीचा प्रसंगही आला. १७७९ साली पेनॉब्स्कॉट येथील मोहीम पुरती फसली. तोफखान्याचा अधिकारी म्हणून रिव्हिअर तीत होता. त्याच्यावर आज्ञाभंगाचा व भित्रेपणाचा आरोप आला. कित्येक जण अशा वेळी तोंड लपवून बसतात. याने उलट, माझी रीतसर चौकशी करा, असा अर्जांमागून अर्जांचा धोशा लाविला. अखेर १७८२ मध्ये लष्करी न्यायसभा भरली व त्यास निर्दोष ठरविले. तीन वर्षे डोक्यावर डाग घेऊन तो दुकानात बसत होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या धैर्याची परीक्षा घोड्यावरच्या त्या एका रात्रीपेक्षा या तीन वर्षांत अधिक झाली असे आम्हांस वाटते.

स्वातंत्र्य मिळाल्यावर, पन्नाशी उलटल्यावर, त्याने नवे धंदे शिकावयास आरंभ केला. १७८८ मध्ये त्याने ओतशाळा काढली. १७९२ मध्ये आपल्या मंडळीसाठी पहिली घंटा ओतली. तिचा नाद कर्कश होता म्हणतात, परंतु तो हटला नाही. त्याच्या व त्याच्या मुलांच्या ओतशाळेतून पुढे शेकडो घंटा बाहेर पडल्या. १८०१ साली कँटन येथे त्याने तांब्याचे पत्रे लाटण्याचा कारखाना घातला; अमेरिकेत हे काम यशस्वी रीतीने करणारा तो पहिलाच. बोस्टनच्या राज्यसभागृहाचा घुमट व कॉन्स्टिट्यूशन नावाची युद्धनौका यांवर त्याचाच पत्रा चढला. १७९५ साली कारागिरांनी एकमेकांस साह्य करण्यासाठी जी संस्था स्थापिली तिचा तो पहिला अध्यक्ष झाला. त्याच वर्षी ४ जुलै रोजी राज्यसभागृहाची कोनशिला बसविण्यात त्याचा हात होता. त्या कोनशिलेतील पेटी जानेवारी २०१५ मध्ये उघडली, तेव्हा तीत नाण्यांबरोबर एक रौप्य पट्टी निघाली. ती त्याच्याच हातची असे मानतात. १० मे १८१८ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, तो बोस्टनमध्ये निवर्तला.

तो पंधरा जणांचा वाडगा मात्र अद्याप आहे. १९४९ मध्ये बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाने तो विकत घेतला, तेव्हा लोकांनी वर्गणी दिली, आणि वर्गणीदारांत शाळेतील मुलेही होती. त्याच आकाराचे वाडगे आज अमेरिकेत विजयचिन्हे म्हणून दिले जातात. विद्यार्थ्यांनो, सौंदडच्या मेजावर मांडलेला प्यालाही त्याच विस्तृत कुटुंबातील एक धाकटे भावंड समजावे.

हे चरित्र आम्ही येथेच संपविले असते. परंतु मनात एक विचार राहतो. रिव्हिअर वृद्धापकाळात कँटनचा कारखाना पाहत होता त्याच काळात, फेब्रुवारी १८१३ मध्ये, त्याच्याच प्रांतात स्थापन झालेल्या मिशनने पाठविलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोन तरुण मुंबईस उतरले. त्यांतूनच अमेरिकन मराठी मिशन उदयास आले, आणि पुढे १८३१ पासून अहमदनगरास त्याचे कार्य चालू झाले. त्या मिशनऱ्यांनी बोस्टनकडील मंडळ्यांची एक साधी चाल बरोबर आणली : सर्वांनी एका मेजाभोवती जमावे व एकाच प्याल्यातून घ्यावे. बोस्टनमध्ये ही नित्याची गोष्ट होती. आपल्या महाराष्ट्रात मात्र ज्याच्या सावलीचाही विटाळ मानीत त्याच्या ओठांस लागलेला प्याला आपल्या ओठांस लावणे म्हणजे जात, घर व आप्त यांस एका क्षणात मुकणे होते. चांदीचा असो वा पितळेचा, असा प्याला उचलण्यास किती मनोबल लागले असेल! ज्या भूमीत तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना महाडास सत्याग्रह करावा लागला, त्या भूमीतील मुलांस हे अधिक सांगावयास नको.

आणि बोस्टनही निर्दोष नव्हते. रिव्हिअरच्या उमेदीच्या काळी त्या शहरात गुलाम होते. मंदिरात त्यांस वरच्या सज्जात निराळे बसवीत. १७८३ च्या सुमारास न्यायालयाच्या निर्णयांनी त्या प्रांतात गुलामगिरी मोडली. पण ज्या पंधरा जणांच्या वाडग्यावर स्वातंत्र्याची चिन्हे कोरली, त्या वाडग्याभोवती त्या गुलामांस कोणी बोलाविले नव्हते. उत्तम चांदी, उत्तम घडण, उत्तम हेतू, एवढे सर्व असूनही वर्तुळ अपुरे राहिले.

म्हणून यंदा ज्याच्या हाती प्याला येईल त्याने तो कपाटात ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्या. तो उलटा करून त्याच्या तळाशी पाहावे, आणि तो घडविणाऱ्या अनाम हातांस मनोमन नमस्कार करावा. मग आपल्याबरोबर जे धावले व हरले, आणि ज्यास धावावयास कोणी बोलाविलेच नाही, त्या सर्वांस जवळ बोलावून त्याच प्याल्यातून पाणी द्यावे, आणि सर्वांच्या शेवटी आपण घ्यावे. प्याला त्यासाठीच असतो.